लाइट गेली की हात वर

माझ्या नवऱ्याचा उजवा पाय हलायला लागला की टेबलावरचा ग्लास किणकिणतो, खुर्ची करकरते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते, "देवदत्त, पाय!" पाय थांबतो. मग हाताची बोटं सुरू होतात. बोटांवर ओरडलं की तो उठून गच्चीवर जातो आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फेऱ्या मारतो. खालच्या मजल्यावरच्या रत्नम्मा मावशी मग जिन्यात मला गाठतात. "इंद्रायणी, तुझ्या नवऱ्याचं काही हरवलंय का गं वर?" यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी हे इतक्यांदा विचारलं की शेवटी मी सांगून टाकलं, "हो मावशी, हरवलंय. सापडलं की येईल खाली."

देवदत्त बोरामणीकर भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. साध्या भाषेत, लोकांच्या जमिनी मोजतो. वळसंगच्या शिवारात दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड न बघता बांधाच्या दोन अंगांना उभे असतात, त्यांच्या मधोमध हा टोपी घालून यंत्र लावतो, नकाशा उलगडतो आणि "हद्द हितनं जाते, बघा" म्हणून चुन्याची रेघ मारतो. त्याच्या थंड डोक्याचं खात्यात मोठं कौतुक आहे. माझ्या वाट्याला तो थंडपणा फारसा आला नाही, कारण तो आठवडाभरात खर्च होऊन जायचा. रविवारी उरायचा तो एक उतावीळ माणूस, जेवता जेवता डोळ्यांनी चपला शोधणारा. ताक घ्यायलाही थांबायचा नाही.

रविवारी तो लढाईला जायचा.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. ते खरंच होतं. 'ग्रे रॅम्पार्ट्स'चं त्या काही बोलल्या नव्हत्या. हा कॉम्प्युटरवरचा गेम. युरोपातले जुन्या काळचे सरदार, त्यांच्या गढ्या, घोडेस्वार, शेतकरी, गिरण्या. प्रत्येकाने एक गढी घेऊन सुरुवात करायची, गावं वसवायची, तट बांधायचा आणि शेवटी एकमेकांच्या उरावर बसायचं. एवढं लांबलचक इंग्रजी नाव घेत बसायला सोलापुरात कुणाला वेळ आहे? सगळे त्याला 'तटबंदी' म्हणायचे.

तटबंदी चालायची विजापूर वेशीजवळ नईमच्या सायबर कॅफेत. नईम मणियार हा देवदत्तचा कॉलेजातला मित्र. गोल चेहऱ्याचा, हळू चालणारा, कुणी कितीही घाई केली तरी "होतंय की" म्हणणारा. कॅफेला त्याने मुलीचं नाव दिलं होतं, आयत सायबर कॅफे. काउंटरवर त्याचे वडील चांदसाब बसायचे. ते एसटीत ड्रायव्हर होते, आणि निवृत्त झाल्यावरही माणसांना आत घेताना मागे सरकायला सांगायची सवय त्यांची सुटली नव्हती. रविवारी दुपारी पाच-सहा जण जमायचे, शटर अर्धं खाली यायचं आणि आत राज्यं उभी राहायची.

ती वर्षं लोडशेडिंगची होती. लाइट गेली की सगळे यूपीएस एकदम कुईं-कुईं करायला लागायचे आणि मोजून काही मिनिटांचा जीव उरायचा. तेवढ्यात नईमने सगळी लढाई आहे तशी जपून ठेवायची आणि यंत्रं बंद करायची. एकदा कुणीतरी नेमक्या त्याच मिनिटांत दुसऱ्याच्या तटाला सुरुंग लावला. गेममधला तट पडला आणि दुकानातल्या खुर्च्या उचलल्या गेल्या. तेव्हा चांदसाब काउंटरवरून उठले आणि एसटी थांबवल्यासारखा हात करून म्हणाले, "लाइट गई तो हाथ उपर. सबके. जिसको नक्को, उनो कल से नक्को आना."

तेव्हापासून तो कायदा झाला. मी एकदा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, तेवढ्यात लाइट गेली, आणि पाहते तर अंधारात सहा मोठे बाप्ये हात वर करून बसलेले, पोलिसांनी धाड टाकल्यासारखे. मला हसू आवरेना. देवदत्त मात्र हात खाली न करता गंभीरपणे म्हणाला, "चष्मा तिथं ठेव. आत्ता हात लावता येत नाही."

मग सगळे बाहेर पायरीवर यायचे. अर्धा-अर्धा चहा, बाजूच्या गाड्यावरची गरम भजी, आणि तह. "माझ्या गिरणीला हात लावू नको, मी तुझ्या पुलावरनं घोडे आणणार न्हाय." "पावसाळ्यापातूर?" "पावसाळ्यापातूर." हे असले करार कागदावर नसायचे, आणि लाइट आल्यावर कुणी मोडायचंही नाही. तासन् तास चालायचं ते. मध्येच कुणाच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट निघायची, कुणाची नोकरी सुटलेली असायची, नईमच्या आईचं ऑपरेशन त्या पायरीवरच ठरलं. देवदत्तला विचाराल तर तो आजही सांगेल की त्या गेममध्ये वेढा फार चांगला होता. रसद तोडली की आतले लोक खरंच उपाशी मरायचे, विहीर आटायची, हिवाळ्यात रस्ते बंद व्हायचे, दुसऱ्या सरदाराला निरोप पाठवायचा तर घोडेस्वार पाठवावा लागायचा आणि तो वाटेत पकडलाही जायचा. पायरीचं नाव तो घेणार नाही. माझं मत विचाराल तर अर्धा गेम त्या पायरीवर होता, पण माझं मत त्याने कधी विचारलं नाही.

नईम बहुतेक वेळा हरायचा. लढाई ऐन रंगात असताना हा उठून कुणाच्या तरी दाखल्याची प्रिंट काढून द्यायचा. गढीत तट कमी आणि बाजारच जास्त बांधायचा. हरला की हसून चहा सांगायचा. देवदत्त घरी येऊन म्हणायचा, "नईमची चाल कळत नाही. लई खोल माणूस आहे."

मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि कॅफे ओस पडला. आयत सायबर कॅफेचं आयत झेरॉक्स झालं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं. चांदसाब गेले. खेळणारे एकेक करून पुण्याला, हैदराबादला, बायकोच्या धाकाला पांगले. उरले दोघे. तरी रविवार मोडला नाही. जुनी दोन यंत्रं मागच्या खोलीत जपून ठेवलेली होती आणि त्यांच्यावर तीच जुनी तटबंदी चालायची. लोडशेडिंग केव्हाच संपलं होतं, पण लाइट अधूनमधून जायचीच आणि हे दोघे, केस पांढरे झालेले, हात वर करून बसायचे.

दरम्यान कंपनीने जाहीर केलं होतं की तटबंदीचा नवा भाग येणार. ते बिचारे दरवर्षी जाहीर करायचे आणि दरवर्षी पुढे ढकलायचे. देवदत्तने वाट पाहिली. आमच्या घराचं कर्ज फिटलं, सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं, मला चष्मा लागला, तरी तो वाटच पाहत होता. कंपनीने एखाद्या बुरुजाचं चित्र दाखवलं की हा ते मोठं करून दगडांचे थर बघत बसायचा.

आणि गेल्या दिवाळीनंतर नईमने सांगितलं की तो पुण्याला जातोय. आयतला तिथे नोकरी, तिला बाळ झालेलं, सांभाळायला कुणी नाही. नईम आणि त्याची बायको शमशाद दोघंही जाणार, दुकान विकणार.

मी हे ऐकून पहिल्यांदा देवदत्तकडे बघितलं. तो म्हणाला, "बरं झालं. नवा भाग ऑनलाइनच आहे. पुण्यात नेट चांगलं असतं."

टेम्पो भरला त्या सकाळची गोष्ट सांगते, म्हणजे मला राग का येतो ते कळेल. शमशाद आणि मी दारात एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो. सगळा जन्म शेजारपाजारात काढलेली बाई, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन काय करणार, ती तेच म्हणत होती. आणि हे दोन शहाणे टेम्पोच्या मागे उभं राहून ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलत होते. किती जीबीचं घ्यायचं, पंखा एक हवा का दोन. टेम्पो सुटला तेव्हा देवदत्त ओरडला, "कार्डाचा ड्रायव्हर अपडेट कर रे!" तीस वर्षांच्या मैत्रीला निरोप हा. मी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला ते कळलंही नाही.

फेब्रुवारीत नवा भाग आला. देवदत्तने रजा टाकली होती. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून तो नव्या कॉम्प्युटरसमोर बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा स्क्रीनवर इतकं सुंदर गाव होतं की मीसुद्धा थांबले. गवत हलत होतं, कोंबड्या फिरत होत्या, तटावर ऊन पडलं होतं. पण त्याचा पाय हलायला लागला होता.

दुपारी जेवताना त्याने तक्रारींचा पाढा सुरू केला. "तट बांधायचा तर बटण दाबलं की बांधून तयार. दगड कुठनं आला, कुणी वाहिला, काही नाही." मी आमटी वाढली. "शिपाई जेवत नाहीत. अगं, सैन्य जेवत नाही! मग वेढा घालून करायचं काय? आतला माणूस खातच नाही तर त्याला उपाशी मारणार कसा?" मी म्हटलं, हे ऐकायला फार वाईट वाटतंय, भाकरी घे. "हिवाळा येतो तो नुसता पांढरा रंग. रस्ते चालूच. आणि एक सल्लागार आहे, दाढीवाला. तो सतत कानाशी बडबडतो, आता गिरणी बांधा, आता बाजार बांधा, आणि जिथं बांधायची तिथं बाण चमकतो. मला! जमीन मोजणाऱ्या माणसाला बाण दाखवतो!"

पुढच्या आठवड्यात पाढा लांबला. दुसऱ्या खेळाडूशी बोलायचं तर घोडेस्वार नाही, पाच-सहा तयार चित्रं आहेत, अंगठा, हसरं तोंड, तलवार. यातल्या तलवारीने तह कसा करायचा? रोज सकाळी गेम उघडला म्हणून बक्षीस मिळतं, घोड्याच्या डोक्याला लावायला मोराची पिसं. हरलं तर 'हरलात' असं लिहून येत नाही, 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. आणि सर्वांत मोठी जाहिरात कशाची, तर 'तुमचं राज्य कधी झोपत नाही' याची. तुम्ही उठून गेलात तर सेनापती राज्य चालवतो. "मग मी कशाला पाहिजे?" देवदत्त म्हणाला. "त्या सेनापतीलाच विका की गेम."

शेवटी त्याने कंपनीच्या पानावर आपलं मत लिहिलं. मराठीतच लिहिलं. 'महोदय' अशी सुरुवात होती, 'उपरोक्त विषयास अनुसरून' होतं, आणि पुढे त्याने रसद, पाणी, रस्ते, हवामान, निरोप, सेनापती अशा शीर्षकांखाली इतकं काही मांडलं होतं की तेवढ्यावर एखादी खात्यातली चौकशी उभी राहिली असती. सगळ्यात शेवटी मात्र एक वाक्य होतं, जे मी दोनदा वाचलं. 'आपला खेळ चांगला दिसतो, परंतु त्यात बसवत नाही.' कंपनीचं उत्तर लगेच आलं. 'थँक यू, वॉरियर!' आणि सोबत भेट म्हणून सोन्याचं शिरस्त्राण. त्या दिवशी तो गच्चीवर बराच वेळ होता.

तरी रविवार चालू होते, कारण नईम तिकडे बसत होता. सुरुवातीला दोघं फोन स्पीकरवर ठेवून खेळायचे. पण नव्या गेमला एवढी घाई, की बोलायला उसंत नाही. कुठे ना कुठे काहीतरी पेटलेलंच असायचं. देवदत्त बोलायचा तेही गेमला शिव्या. "काय दळभद्री गेम केलाय रे. बंदच करावा वाटतो." तिकडून नईमचं "हां... व्हय..." यायचं. मग नातू झोपलेला असतो म्हणून फोनही बंद झाला. दोघं आपापल्या गावी गप्प बसून एकमेकांच्या राज्याशेजारी राज्य करायचे. मध्ये एक नदी होती आणि तिच्यावर पूल. तो ओलांडायचा नाही एवढा एक तह त्यांनी फोनवर केला होता, पहिल्याच आठवड्यात.

एप्रिलमधल्या एका रविवारी, बाहेर रस्ता वितळेल असं ऊन असताना, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी धडाम झाली. पंखे थांबले. गल्लीभर एकदम "आईग्गं" झालं. आतल्या खोलीतून काही आवाज येईना म्हणून मी डोकावले, तर देवदत्त काळ्या स्क्रीनसमोर हात वर करून बसला होता. एकटा. चिडवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

त्याने फोन घेतला, नईमला दोनच शब्द पाठवले, 'लाइट गेली', आणि निवांत बाहेर येऊन सोफ्यावर बसला. "चहा कर," म्हणाला. "लाइनमन येईपर्यंत वेळ आहे." कितीतरी दिवसांनी तो असा स्वस्थ दिसत होता. लाइट गेली म्हणजे लढाई थांबली. हे त्याच्या हाडात इतकं मुरलेलं, की ज्या सेनापतीवर त्याने अख्खा परिच्छेद लिहिला होता तो सेनापती त्याला आठवलाच नाही.

संध्याकाळी लाइट आली. तो आत गेला आणि थोड्या वेळाने मला हाक आली, ती हाक ऐकून मी हातातली कणीक तशीच टाकून गेले.

स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडत होते. 'तुमच्या अनुपस्थितीत सेनापतीने शौर्य गाजवले!' असा मजकूर होता. झालेली लढाई गेम पुन्हा दाखवतो. देवदत्तने ती मला दाखवली. त्याच्या गढीचा दरवाजा उघडला. त्याचे लाल निशाणाचे घोडेस्वार बाहेर पडले, सरळ पुलावर गेले, पूल ओलांडला आणि नईमच्या गावात शिरून त्यांनी धान्याची कोठारं पेटवली. मग नईमचं सगळं सैन्य या बाजूला आलं आणि त्याने देवदत्तची गढी जमीनदोस्त केली. एक दगड ठेवला नाही.

"मी पूल ओलांडला," देवदत्त म्हणाला.

"तू कुठे? तू तर सोफ्यावर चहा पीत होतास."

"माझी माणसं होती." त्याने फोन पुढे केला. 'लाइट गेली'पुढे दोन निळ्या खुणा होत्या. नईमने वाचलं होतं. खाली काही नव्हतं. "बघ. वाचलं आणि उत्तर नाही दिलं. त्याला वाटतंय, पूल ओलांडला आणि वर लाइटचं निमित्त सांगतोय."

मी म्हटलं, फोन कर आणि सांग. त्याने केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला नाही. "कुठल्या तोंडानं करू?" म्हणाला.

आता हसाल तुम्ही. मीही दोन दिवस हसले. पन्नाशीला आलेला माणूस, पगारदार, सरकारी शिक्का हातात असलेला, एका गेममधल्या पुलापायी घास गिळेना. पण तिसऱ्या दिवशी हसू गेलं आणि मला धास्ती वाटायला लागली. रविवार आला तसा तो कपडे करून निघाला. कुठे, विचारलं, तर जाऊन येतो म्हणाला. विजापूर वेशीला गेला होता, हे मला दुसऱ्याच कुणी सांगितलं. नईमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. तिथे समोर उभा राहिला, एक कव्हर विकत घेतलं, त्याच्या फोनला न बसणारं, आणि परत आला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. घरात दोन कव्हरं झाली. गेम त्याने उघडला नाही, पण काढूनही टाकला नाही. रोज गेमचा निरोप यायचा, 'तुमचं राज्य तुमची वाट पाहत आहे', आणि तो फोन उपडा ठेवायचा.

तिसऱ्या रविवारी तो चपला घालायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातली चप्पल काढून घेतली, त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याच्यादेखत शमशादला फोन लावला.

"भाभी," शमशाद म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आधीच तिने सुरू केलं, "अच्छा हुआ तुमीच किए. इनो ठीक से खाते नै. कम्प्युटर उठाके पलंग के नीचे डाल दिए. पूछी तो बोलते, अंधेरे में मारा मैंने देवा को. क्या हुआ भाभी? कौन किसको मारा?"

मी देवदत्तकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता, त्याने ऐकलं होतं.

"शमशाद," मी म्हटलं, "नईमभाईंच्या हातात फोन दे. आणि ते उठून गेले तर दार लावून घे."

मी आमचा फोन देवदत्तसमोर टेबलावर ठेवला. पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. दोघं मिळून शंभर वर्षांचे, आणि तोंडातून शब्द नाही.

"देवा," शेवटी नईम म्हणाला.

"हं."

"तुझा मेसेज मी नंतर बघितला रे. आधी मारलं, मग बघितलं. लाइट गेलेली आणि मी हात खाली ठेवून मारत होतो. काय लिवणार होतो उत्तर?"

"पूल आधी माझ्या माणसांनी ओलांडला."

"ती तुझी माणसं नव्हती. मशीन होतं ते. मला म्हायती होतं."

देवदत्त पुढे सरकला. "माहिती होतं?"

"स्क्रीनवर आलं की. देवदत्त निघून गेलाय, आता सेनापती बघतोय. वाचलं मी ते. वाचूनच मारलं."

"का?"

मग नईम बोलला ते भरभर, नेहमीचा 'होतंय की'वाला नईम नव्हताच तो. "राग आला. मला वाटलं तू उठून गेलास. दर रविवारी शिव्या घालत होतास, बंद करतो म्हणत होतास. मला वाटलं, केलं बंद. संपला रविवार. हितं चौथ्या मजल्यावर मी आठवडाभर दुसरं काय करतो? नातवाला झोपवतो आणि रविवार कधी येतो बघतो. आणि तू न सांगता गेलास असं दिसलं, मग मला काही सुधरलंच न्हाय. पाडत सुटलो."

"मी कुठं जाणार होतो रे," देवदत्त म्हणाला. "गेमला शिव्या घालत होतो, तुला नाही. फालतू गेम आहे तो. जुन्याची सर नाही त्याला. जुना आठवतो का, तो वेढा, ती विहीर—"

"देवा, एक सांगू? चिडू नको."

"सांग."

"मला तो गेम कधी आवडलाच न्हाय."

देवदत्तने माझ्याकडे बघितलं, जणू मी भाषांतर करणार होते. "नवा?"

"नवा पण. जुना पण. ती रसद, ते तट, डोकं दुखायचं माझं. त्यातलं निम्मं मला अजून कळत न्हाय."

वीस वर्षं ज्या माणसाची चाल याला कळत नव्हती, त्या माणसाची चाल ही होती. मला हसायचं होतं, पण देवदत्त पांढराफटक पडला होता. तटबंदीबद्दल एवढं कडू त्या कंपनीलाही त्याने लिहिलं नसेल.

"मग एवढी वर्षं खेळलास कशाला?"

"दुकानात तू खेळायलाच यायचास की. खेळत न्हाय म्हटलं असतं, तर तू कशाला आला असतास?"

पलीकडे पंखा फिरत राहिला. देवदत्तने दोन्ही हातांनी फोन उचलला, तोंडाजवळ नेला, आणि माझ्यासमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो उघड उघड रडायला लागला.

"आलो असतो की रे, गाढवा," तो म्हणाला. "नुसता बसायला आलो असतो."